पालकसभा आणि चाळीस थेपले

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. वेळ साडेआठची, माइक सुरू झाला सव्वानऊला. तोवर तिसरीच्या बाकात गुडघे कोंबून शेजारच्या बेनशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी अशा गप्पा मारल्या.

बातम्या नेहमीच्याच. स्वेटरचा रंग बदलला, व्हॅनवाल्यांनी गेटसमोर उभं राहायचं नाही वगैरे. पण पुढच्या शनिवारी पालकांसकट इथल्या, बडोद्याच्या कमाटीबागेची सहल आहे! तिथल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून मी लहानपणी बाबांचा हात सोडलाच नव्हता. लेक म्हणते, "मी नाही घाबरणार." बघू.

त्यानंतर आजी-आजोबा दिन. 'आमच्या वेळची शाळा' यावर बोलायला सासूबाईंना बोलावणं आलंय. दुपारपासून आरशासमोर तालीम चालू आहे. सुरुवात थेट सयाजीराव महाराजांपासून! 1906 साली महाराजांनी सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलं पाठवली नाहीत तर आईबापांना दंड. सासूबाईंचे आजोबा म्हणे त्या दंडाच्या धाकानेच शाळेत गेले. ही गोष्ट मी पंधरा वर्षं ऐकतेय, पण आज पहिल्यांदा त्यांनी आजोबांच्या फुटक्या पाटीचंही सांगितलं. वेळ पाच मिनिटं दिलीय, हे मी अजून त्यांना बोलले नाहीये.

आणि हो, "सहलीला थेपले कोण आणेल?" असं बाईंनी विचारलं तेव्हा मी नेमका केस सावरायला हात वर केला. चाळीस थेपले! खंडेराव मार्केटला मेथी काय भाव चाललीय, सांगा गं कुणी.