चालतंय ना, मग?

"चालतंय ना, मग कशाला हात लावतेस?" ऑफिसातला सहकारी सहज बोलून गेला. मला मात्र जेवताना, ओटा आवरताना तेच ऐकू येत राहिलं.

चालतंय, मान्य. वरच्यांनी ऑफिसातल्या लिनक्स मशीनचं नाव बदललं तेव्हापासून सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं) लावून काहीही करा, टर्मिनल आधी थिजतं, मग 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' (या नावाच्या मशीनचा पत्ता सापडत नाही) अशी कुरकुर करतं आणि काम करून टाकतं. सगळ्यांचं निदान एकच : मशीन म्हातारं झालंय, रॅम वाढवा. ती कुरकुरीची ओळ मलाच तेवढी का खुपते? महिन्याच्या रिपोर्टात अशा कामाला रकाना नसतो. कुणी विचारतही नाही. घरी उशीर होतो तो वेगळाच.

काल सगळे गेल्यावर बसलेच. मशीनचं नाव दाखवणारं होस्टनेमसीटीएल नवं नाव ठणकावून सांगत होतं. नावावरून पत्ता शोधणाऱ्या गेटएंट होस्ट्सला तेच नाव विचारलं, तर एक अक्षर नाही, नुसता पुन्हा प्रॉम्प्ट. आमच्याकडे जो तो आधी डिग मारतो. पण डिग थेट डीएनएसला, म्हणजे नेटवर्कवरच्या नाव-पत्त्यांच्या डिरेक्टरीला विचारतो; होस्ट्स फाइल, म्हणजे मशीनवरचीच नाव-पत्त्यांची यादी, त्याच्या खिजगणतीत नाही. गेटएंट एनएसस्विच या सेटिंगच्या फाइलीतल्या क्रमाने जातं, आधी फाइल, मग डीएनएस. सुडोही मशीनचं नाव तसंच शोधतो, कारण त्याचे नियम मशीनच्या नावागणिक वेगळे असू शकतात. आणि होस्ट्स फाइलीत १२७.०.१.१ या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यासमोर जुनंच नाव! लग्नानंतर आडनाव बदललं, पण रेशनकार्डावर माहेरचंच, तशातली गत. (माझ्या पासपोर्टचं तर... जाऊ दे.)

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने डीएनएस मांडलं, त्याआधी अख्ख्या आर्पानेटची (इंटरनेटच्या पूर्वजाची) नावं अशा एकाच फाइलीत असायची. तिचा हा वंशज अजून पहिला मान घेतो, आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नाही.

तरी एवढं थिजायचं कारण? रिझॉल्व्ह कॉन्फ या फाइलीत पहिला नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारं मशीन) असा, जो केव्हाच काढून टाकलाय. नावं शोधणारा रिझॉल्व्हर बिचारा ५ सेकंद त्याची वाट बघतो, मग दुसऱ्याकडे वळतो. म्हणजे सुडोच नाही, बाहेरचं कुठलंही नाव शोधायचं तर हाच भुर्दंड. आणि शिव्या रॅमला.

मेलेला पत्ता काढला. होस्ट्समध्ये नवं नाव घातलं, जुनंही त्याच ओळीत मागे राहू दिलं; कुठली बॅकअपची स्क्रिप्ट त्याच नावाने हाक मारत असेल, कोण जाणे. गेटएंट लगेच बोलला. मी एकटीच हसले, वॉचमनने वाकून पाहिलं.

आज सकाळी त्याने सुडो मारला. थिजणं नाही, कुरकुर नाही.

"रॅम वाढवली वाटतं?"

"हो," म्हटलं.

त्यावर त्याने चहा पाजला. कटिंग.