नायगाराच्या वाटेवर

शनिवार, रात्री उशिरा

नायगारा उद्या. आजचा दिवस वॉटकिन्स ग्लेनने खाल्ला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाहीये.

एडिसनहून निघाल्यावर मध्ये पाय मोकळे करायला म्हणून हे स्टेट पार्क निवडलं होतं. सेनेका तळ्याच्या दक्षिण टोकाचं टुमदार गाव. त्याच्या मुख्य रस्त्यावरूनच थेट घळीत शिरता येतं, हे मला फार आवडलं. पार्किंगमध्येच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली आणि चढायला लागलो. १९ धबधबे, ८३२ पायऱ्या. आकडा ऐकून आई म्हणाली, "मी जमेल तिथवर येईन, पुढे तुम्ही जा." आली मात्र पार रेनबो फॉल्सपर्यंत. तिथे वाट पाण्याच्या पडद्यामागून जाते. आईने पदर डोक्यावर घेतला, तरी भिजलीच.

दोन्ही बाजूंना शेल नावाच्या दगडाचे पातळ पातळ थर, वहीच्या पानांसारखे. तळाशी पाण्याने कोरलेले गोल डोह. ते पाहून आईला आमच्या निघोजचे रांजणखळगे आठवले. कुकडीतला काळा कातळ कुठे आणि हा ठिसूळ दगड कुठे, पण भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांचं काम तेच.

बाबांचं लक्ष मात्र धबधब्यांकडे नव्हतंच. ते कठड्यावरून हात फिरवत, सांध्यात बोट घालून बघत चालले होते. "दगड इथलाच वापरलाय," म्हणाले. "कडा आणि भिंत वेगळी कळत नाही बघ. कोणी बांधलं हे?"

हे मला नशिबाने माहीत होतं. १९३५च्या पुरात इथल्या जुन्या वाटा-जिने वाहून गेले. मग सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी हे नव्याने उभारलं. मंदीत बेकार झालेल्या तरुणांसाठी रूझवेल्टने १९३३ साली काढलेली योजना. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ परस्पर घरी.

बाबा थांबलेच. "म्हणजे दुष्काळी कामंच की!"

आणि मग धबधब्याच्या आवाजात जवळजवळ ओरडून त्यांनी ७२चा दुष्काळ सांगितला. आजी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची, शाळा सुटली की हे पाट्या उचलायला. त्या वर्षाबद्दल घरात एरवी कोणी अवाक्षर काढत नाही. मी तरी आजवर तुकड्यातुकड्यांतच ऐकलं होतं. मागून येणारी माणसं "एक्स्क्यूज मी" करत बाजूने जात होती आणि बाबा भर वाटेत उभे. चिरंजीव पायऱ्या मोजत पुढे गेले होते, ते परत आले आणि आकडा विसरून ऐकत बसले. आम्ही शेवटपर्यंत काही पोहोचलो नाही. वरच्या टोकाची १८० पायऱ्यांची जेकब्ज लॅडर राहिलीच. राहू दे.

मोटेलवर आल्या आल्या बाबांनी आत्याला फोन लावला. इथे रात्रीचे नऊ, तिकडे सकाळचे साडेसहा. आत्याचा चहा चालला होता. इंद्रधनुष्याबद्दल एक शब्द नाही. सगळं बोलणं मजुरीचं, भिंतीचं आणि पंचवीस डॉलर घरी पाठवण्याचं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या पोरांना सुकडी मिळायची का रे?"