पेंटियम-३ ची डागडुजी, नोंद चौथी: बूट न होणारी विंडोज ९८ ची सीडी

मागच्या नोंदीत पॉवर सप्लाय बदलल्यावर यंत्र सुरू झाल्याचे लिहिले होते. या वेळी त्यावर विंडोज ९८ ची सेकंड एडिशन चढवायची होती आणि ते एका संध्याकाळचे काम आहे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यांतल्या पहिल्या दोन मी नको त्या जागी शोधण्यात घालवल्या.

नव्या वाचकांसाठी यंत्राचा तपशील पुन्हा देतो: ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, ५५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-३, २५६ एमबी रॅम, आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली २० जीबीची हार्ड डिस्क व सीडी ड्राइव्ह. वडिलांनी श्रीलिपी या जुन्या मराठी टंकलेखन प्रणालीत टाइप केलेली काही पत्रके त्याच काळातल्या यंत्रावर उघडून पाहावीत, एवढीच यामागची हौस आहे.

विंडोजची मूळ सीडी घरात आहे, परंतु तिच्या मधल्या भोकापासून बाहेरच्या बाजूला एक बारीक तडा गेला आहे. अशी सीडी वेगाने फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातली, तर ती आतच फुटून ड्राइव्हचीही वाट लावू शकते. म्हणून तडा जाण्यापूर्वी, बहुधा कॉलेजात असताना, मीच केलेली तिची नक्कल वापरायचे ठरवले. नक्कल घातली, यंत्र सुरू केले, ड्राइव्हचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि पडद्यावर 'डिस्क बूट फेल्युअर, इन्सर्ट सिस्टम डिस्क अँड प्रेस एंटर' हा संदेश येऊन थांबला.

पहिली संध्याकाळ बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, गेली. बूटचा क्रम, म्हणजे यंत्राने सुरू होताना कोणती डिस्क आधी पाहावी तो क्रम, बदलून सीडी पहिली केली, सेटिंग जतन केले, आणि जेवून परत येईपर्यंत क्रम पुन्हा फ्लॉपीवर गेलेला होता. बोर्डावरचा सीआर-२०३२ सेल मीटरवर २ व्होल्टच्या आसपास दाखवत होता, म्हणजे प्लग काढला की बायोसची स्मरणशक्तीही जात होती. नवा सेल बसवला, क्रम टिकू लागला, संदेश मात्र तोच राहिला. एक खरा दोष सापडल्यामुळे आपण योग्य वाटेवर आहोत, अशी माझी समजूत झाली आणि तिनेच पुढचा दिवस खाल्ला.

दुसऱ्या संध्याकाळी ड्राइव्हचा जंपर (एकाच केबलवर ती पहिली की दुसरी हे ठरवणारी छोटी पिन-टोपी) मास्टरवरून स्लेव्हवर नेला आणि पुन्हा मास्टरवर आणला, केबल बदलली, लेन्स पुसली. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. मात्र त्याच संध्याकाळी स्टार्टअप फ्लॉपीवरून डॉस सुरू करून सीडीची यादी पाहिली, तेव्हा सेटअपची फाइल, विंडोज ९८ चे फोल्डर आणि त्यातल्या साऱ्या कॅब (विंडोजच्या दाबून बांधलेल्या) फाइली व्यवस्थित दिसल्या. ड्राइव्ह वाचते आहे, सीडी वाचली जाते आहे, तरीही बूट होत नाही, हे समोर दिसत असताना मी ड्राइव्हवरच संशय घेत बसलो.

तिसऱ्या दिवशी जी दोन कामे केली, ती खरे तर पहिल्या दहा मिनिटांत करायला हवी होती. एका मासिकासोबत आलेली लिनक्सची जुनी सीडी घातली, तर ती पहिल्याच खेपेला बूट झाली. याचा अर्थ ड्राइव्ह, केबल आणि बायोस तिघेही निर्दोष होते. मग माझी नक्कल दुसऱ्या एका जुन्या संगणकात घातली, तर ती तिथेही बूट होईना.

आता थोडे मुळाशी जातो. सीडीवरून बूट करण्याची पद्धत 'एल टोरिटो' या नावाने ओळखली जाते आणि तिचा आराखडा फिनिक्स व आयबीएम यांनी जानेवारी १९९५ मध्ये मांडला. सीडीचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे तिच्यावरच्या माहितीचा एक ठराविक तुकडा, २,०४८ बाइटचा असतो आणि मोजणी शून्यापासून होते. पहिले १६ सेक्टर राखीव असतात, १६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये सीडीच्या फाइलव्यवस्थेचा मुख्य तपशील असतो आणि सीडी बूट होणारी असेल तर १७ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये बूटची नोंद असते. या नोंदीतल्या एका चार बाइटच्या आकड्यावरून बायोसला बूट कॅटलॉग (बूट होणाऱ्या गोष्टींची छोटी यादी) कुठे आहे ते कळते आणि कॅटलॉगमधून प्रत्यक्ष बूट होणाऱ्या इमेजचा, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीचा, पत्ता मिळतो. संगणकासोबत मिळणाऱ्या विंडोज ९८ च्या सीडीवर ही इमेज म्हणजे १.४४ एमबीची एक अख्खी फ्लॉपी असते. बायोस तिलाच ए ड्राइव्ह म्हणून पुढे करतो आणि खरी फ्लॉपी तेवढ्यापुरती बी होते.

लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह जोडून लिनक्सच्या डीडी आज्ञेने माझ्या नकलेचा फक्त १७ क्रमांकाचा सेक्टर उचलला आणि हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायातल्या आकड्यांत, पाहिला. सुरुवातीलाच ०२ ४३ ४४ ३० ३० ३१ असे बाइट होते. पुढचे पाच बाइट म्हणजे 'सीडी००१' ही नेहमीची खूण असते; प्रश्न पहिल्या बाइटचा होता. बूटची नोंद असती तर तिथे ०० हवे होते आणि थोडे पुढे 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' ही अक्षरे दिसायला हवी होती. ०२ याचा अर्थ त्या जागी लांब नावांसाठीची जोलिएटची नोंद बसली होती आणि बूटची नोंद मुळात लिहिलीच गेली नव्हती.

मग जुनी गोष्ट आठवली. त्या वेळी मी मूळ सीडीतल्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून घेतल्या होत्या आणि तो फोल्डर नव्या सीडीवर राइट केला होता. बूटची नोंद ही फाइल नसल्यामुळे ती कोणत्याही यादीत दिसत नाही आणि फोल्डरसोबत येतही नाही. त्यामुळे सगळ्या फाइली शाबूत आणि सीडी मात्र बूटच्या दृष्टीने रिकामी, असा प्रकार झाला होता. सीडीची नक्कल करायची तर सेक्टरागणिक पूर्ण इमेज काढावी लागते, हे तेव्हा मला सांगणारे कोणी नव्हते.

तडा गेलेल्या सीडीला हात लावायचा नव्हता, म्हणून स्टार्टअप फ्लॉपीचीच इमेज काढली. ती बरोबर १४,७४,५६० बाइट भरली. एक बाइटही कमीजास्त असता तर फ्लॉपी म्हणून ती स्वीकारली गेली नसती. नकलेवरच्या फाइली एका फोल्डरमध्ये घेतल्या, त्यातच ही इमेज ठेवली आणि सीडीची इमेज बनवणाऱ्या मेकआयएसओएफएस या प्रोग्रॅमला तीच बूट इमेज म्हणून दाखवून नवी आयएसओ (राइट करण्याजोगी पूर्ण सीडीची फाइल) तयार केली. राइट करण्याआधी तिचा १७ क्रमांकाचा सेक्टर पाहिला: पहिला बाइट ००. कॅटलॉगमधल्या दुसऱ्या नोंदीचा पहिला बाइट ८८, म्हणजे 'बूट करण्याजोगी'. मगच सीडी-आरवर ती कमी वेगाने राइट केली. सीडी-आरडब्ल्यू मुद्दाम टाळली, कारण तिचा पृष्ठभाग फारच कमी प्रकाश परतवतो आणि त्या काळातल्या बऱ्याच ड्राइव्ह तिला ओळखतच नाहीत.

सीडी बूट झाली आणि मेनू आला. एफडिस्क या डॉसच्या प्रोग्रॅमने हार्ड डिस्कवर पार्टिशन (विभाग) करून यंत्र पुन्हा सुरू केल्यावर एक छोटी ठेच लागली. कोऱ्या डिस्कवर सीडीला डी हे अक्षर मिळाले होते. पार्टिशन झाल्यावर सी हार्ड डिस्कला गेले, डी स्टार्टअपच्या तात्पुरत्या रॅम ड्राइव्हला (रॅममध्ये बनवलेल्या नकली डिस्कला) आणि सीडी ई वर सरकली. डीवर सेटअप सापडत नाही म्हणून क्षणभर छातीत धस्स झाले, पण ई वर जाताच तो सुरू झाला.

विंडोज आता चालते आहे, आवाज अजून नाही. साउंड कार्डचा ड्रायव्हर पुढच्या नोंदीत. नव्या सीडीवर मार्करने 'बूट होते' असे लिहिले आहे. जुनी टाकून दिली नाही, तिच्यावर 'फक्त फाइली' असे लिहून ती त्याच डबीत ठेवली आहे.