वाचनालयातला लॅपटॉप, उबुंटू आणि न सापडणारा पत्ता

आमच्या गावच्या वाचनालयाला देणगीदाखल मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर मी घरी उबुंटू २२.०४ ही लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिम बसवली, सगळे नीट चालते याची खात्री केली आणि तो ग्रंथपाल बाईंच्या स्वाधीन केला. तीन आठवड्यांनी मराठी टंकलेखनासाठी आयबस-एम१७एन आणि लिब्रेऑफिसचा मराठी भाषासंच घालायला गेलो, तेव्हा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) 'सुडो ॲप्ट अपडेट' ही सॉफ्टवेअरच्या याद्या ताज्या करणारी आज्ञा दिल्याबरोबर 'टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग' (नावावरून पत्ता तूर्त सापडत नाही) हाच संदेश ओळीमागून ओळ उमटत राहिला. वायफायच्या चिन्हावर प्रश्नचिन्ह दिसत होते. बाई म्हणाल्या, "पण माझ्या फोनवर तर याच वायफायवर सगळं चालतंय, सर."

या एका वाक्यामुळे मी तासभर लॅपटॉपमध्येच दोष शोधत राहिलो. ड्रायव्हर तपासला, वायफाय तोडून पुन्हा जोडले, उबुंटूचा सर्व्हर बदलून पाहिला. काही फरक पडला नाही. मग ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरच्या अंकी पत्त्याला पिंग केले, म्हणजे उत्तर येते का ते पाहिले, तर लगेच उत्तर आले. म्हणजे राउटरपर्यंतचा आणि राउटरपलीकडचा रस्ता मोकळा होता. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएसची सोय तेवढी बंद होती. बाईंना फोनचा मोबाइल डेटा बंद करायला सांगितले, तेव्हा त्यांच्या फोनवरही एकही पान उघडेना. वायफायवर इंटरनेट मिळत नसल्याचे पाहून फोन आपोआप मोबाइल डेटा वापरत होता.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उबुंटूमध्ये डीएनएससाठी कोणाला विचारायचे हे सांगणारी 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' ही फाइल उघडली की १२७.०.०.५३ एवढाच पत्ता दिसतो आणि तोच चुकीचा आहे असे वाटून अनेक जण ती फाइल बदलू लागतात. तो पत्ता संगणकातल्याच एका सेवेचा असतो. ती सेवा पुढे कोणाला विचारते, हे 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या आज्ञेच्या उत्तरात कळते. तिथे राउटरचा पत्ता होता आणि राउटरच्या पानावर पाहिले तर कोणीतरी पूर्वी हाताने भरलेला, आता उत्तर न देणारा डीएनएस क्रमांक होता. तो काढून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचे क्रमांक भरले. दुरुस्ती लॅपटॉपवर न करता राउटरवर केली, कारण वाचनालयात येणाऱ्या मुलांचे फोनही त्याच वायफायवर असतात.

पुन्हा 'ॲप्ट अपडेट' दिले. मूळ यादी स्वीकारली गेली, पण 'अपडेट्स' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही याद्या 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' (ही फाइल अजून वैध झालेली नाही) म्हणून नाकारल्या गेल्या. मूळ यादी एप्रिल २०२२ची, तर या दोन याद्या सतत नव्याने तयार होणाऱ्या. म्हणून आमच्या लॅपटॉपच्या दृष्टीने त्या भविष्यातल्या ठरत होत्या! कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. ते तीन आठवडे मागे होते. लॅपटॉप बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपला होता, त्यामुळे चालू झाल्यावर लॅपटॉप मागच्या वेळी बंद झाला त्या क्षणापासून वेळ मोजत होता. आणि योग्य वेळ इंटरनेटवरून मागवायची, तर त्यासाठीही डीएनएस हवेच होते.

तारखेची तपासणी बंद करून पुढे जाण्याचा पर्याय ॲप्टमध्ये आहे, परंतु तो मी वापरला नाही. जुनी यादी कोणी गळ्यात मारू नये म्हणून ती तपासणी असते आणि सार्वजनिक संगणकावर ती काढून टाकणे मला बरोबर वाटत नाही. वेळ जुळवणारी 'सिस्टमडी-टाइमसिंकडी' ही सेवा पुन्हा सुरू केली. काही क्षणांत घड्याळाने आजची तारीख धरली आणि तिन्ही याद्या उतरल्या.

दुसऱ्या दिवशी तालुक्याहून सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल आणून बसवला. लॅपटॉपचा वीजपुरवठा काढून रात्रभर ठेवला आणि सकाळी वायफाय न जोडता चालू केला; वेळ बरोबर होती. बाईंनी त्याच बैठकीत सतरा पुस्तकांची नोंद मराठीत केली.