नागपूर ते चेन्नई : रेस कारमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून

नागपुरात गाड्यांचे वेडे कमी नाहीत, पण मोठ्या गाड्यांसाठी पक्का रेसट्रॅक नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून अनेकांना तोच ट्रॅक वाटू लागलाय. तो नाही. तिथे कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि समोर ट्रक असतात, कुटुंबं असतात. वेगाची हौस असेल तर गाडी घरी ठेवा आणि चेन्नईची तिकिटं काढा.

मी आणि माझा मेहुणा तमिळनाडू एक्सप्रेसनं गेलो. अंतर ११०० किलोमीटरच्या आसपास, एक रात्र गाडीत. ट्रॅक चेन्नईपासून ४० किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथे, बंगळुरू महामार्गाला लागून. मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात त्याला. १९९० पासून इथे शर्यती होतात, एक फेरी ३.७१७ किलोमीटरची. शेजारी बसून फेरी मारायची सोय रोज नसते. ट्रॅक डे, म्हणजे हौशी लोकांसाठी ट्रॅक खुला ठेवतात तो दिवस, असेल तेव्हाच मिळते, म्हणून आयोजकांकडून तारीख आणि जागा पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं बुकिंग करू नका. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, तो टाळा. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम.

आमच्या वाट्याला आलेली रेसची गाडी, फोक्सवॅगन व्हेंटो, आतून पार मोकळी होती. मागची सीट नाही, एसी नाही, दारांना आतून पत्रा तेवढा. चारी बाजूंनी लोखंडी नळ्यांचा पिंजरा (रोल केज), त्यामुळे आत शिरताना आधी पाय, मग कंबर, शेवटी हेल्मेट. सहा टोकांचा पट्टा पिटमधल्या, म्हणजे गाड्या तयार करतात तिथल्या, मुलानं इतका आवळला की खोल श्वास घेता येईना. तो सैल करायला सांगू नका. खांद्यांवर हॅन्स नावाचं कॉलरसारखं साधन बसवतात, ते हेल्मेटला अडकवलेलं असतं आणि धडकेत मान वाचवतं. निघण्याआधी एक गोष्ट स्वतः करून बघा: पट्ट्याचं बक्कल फिरवून उघडणं आणि दार उघडणं. आग लागली तर तेवढंच कामाचं.

पहिली फेरी हळू गेली. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत टायर गरम झाल्याशिवाय रस्ता धरत नाहीत, म्हणून ड्रायव्हर गाडी डावी-उजवीकडे हलवत नेतो. दुसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर काटा १६० च्या पुढे गेला. खरं सांगतो, त्यात फारसं काही वाटलं नाही. रस्ता रुंद, समोर मोकळं. मग १०० मीटरची पाटी मागे पडली, वळण समोर आलं, तरी ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच! आणि मग ब्रेक. पट्टे खांद्यांत रुतले, हेल्मेट पुढे ओढलं गेलं, पोट कुणीतरी आतून धरल्यासारखं झालं. दोनेक सेकंदांत वेग निम्मा. तो ब्रेक सुटतो न सुटतो तोच गाडी वळणात शिरली आणि सगळं अंग सीटच्या कडेवर दाबलं गेलं. माझ्या मते रेस कारमध्ये बसायचं ते या क्षणासाठी. सुसाट पळणं कुठल्याही दणकट गाडीला जमतं. इतक्या उशिरा, इतकं अचूक थांबणं जमत नाही.

उतरल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हात अजून थरथरून राहिले ना!" चेहरा मात्र फुललेला.

मळमळ शेजारच्यालाच जास्त होते, कारण गाडी कधी वळणार हे ड्रायव्हरला आधी कळतं, आपल्याला नाही. उपाय सोपा: ड्रायव्हर जिथे बघतो तिथे, म्हणजे पुढच्या वळणाच्या आतल्या कडेला बघा. डॅशबोर्ड किंवा खिडकी नको. दोन तास आधी दोन इडल्या पुरेत, सांबार-वडा नंतर. कपडे सुती, पूर्ण बाहीचे. सिंथेटिक आगीत कातडीला चिकटतं. बूट बंद, चष्म्याला दोरी, खिशात काही नाही. आणि आपण ४५ अंशांत वाढलो म्हणून गाफील राहू नका. तिकडची हवा दमट, घाम वाळतच नाही. ओआरएस जवळ ठेवा. मान, पाठ किंवा हृदयाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर बसूच नका. तसं फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, ते खोटं लिहू नका.

परतीची तमिळनाडू एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास सुटते. दुपारी तीनच्या आत आटोपेल असा स्लॉट मागा, कारण संध्याकाळी त्या महामार्गावरून चेन्नई सेंट्रल गाठायला दोन तास धरावेच लागतात. आणि बर्थ खालचाच घ्या, रात्री मान धरते.