पॅरिशच्या वहीत केरी शोधताना

विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव मराठी मुद्रणाच्या इतिहासात अगदी सुरुवातीच्या पानांवर येतं. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला त्याने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली कोश. मदतीला वैजनाथ पंडित होते. कोशासाठी मोडीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, ओतले गेले होते. माझा थोरला भाऊ पुण्यात आयुष्यभर जुळारी, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारा, होता, त्यामुळे श्रीरामपूरच्या छापखान्याच्या गोष्टी मी त्याच्याकडून लहानपणापासून ऐकत आलेय. दादा लेस्टरला माझ्याकडे राहायला आला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याने विचारलं, "अगं, केरीचं गाव इथून किती लांब?"

नॉर्दम्प्टनशायर आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. पण नुसतं गाव पाहून यायचं मला नको होतं. इथे राहायला लागल्यापासून जुन्या चर्चच्या वह्या वाचायचा मला नाद लागलाय, आणि केरी डिसेंटर होता. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेर उपासना करणाऱ्यांना डिसेंटर किंवा नॉन-कन्फॉर्मिस्ट म्हणत. बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर हे सगळे त्यात आले. अशा माणसाचा माग काढायचा तर तो ज्या चर्चपासून दूर गेला, त्याच चर्चच्या वह्यांतून सुरुवात करावी लागते.

त्यामागे मोठा इतिहास आहे. १५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी. १६६२ च्या युनिफॉर्मिटी कायद्यानंतर ठरवून दिलेली प्रार्थना म्हणायला जे पाळक तयार झाले नाहीत, असे सुमारे दोन हजार जण पदाला मुकले. पुढची पंचवीस-एक वर्षं डिसेंटर मंडळींची सभा भरवणं हाच गुन्हा होता. कुणाच्या कोठारात, कुणाच्या माजघरात ती भरायची. अशा सभांची वही ठेवणं म्हणजे आपल्याच हाताने पुरावा लिहिणं. १६८९ च्या टॉलरेशन कायद्याने उघडपणे सभागृहं बांधता आली, तरी आपल्या वह्यांना कोर्टात पॅरिशच्या वहीइतकी किंमत नाही ही टोचणी राहिलीच. म्हणूनच १७४२ मध्ये लंडनच्या डॉक्टर विल्यम्स ग्रंथालयात डिसेंटर कुटुंबांच्या जन्मनोंदीची सोय झाली. मुलाच्या जन्माच्या वेळी हजर असलेल्यांची सही त्या दाखल्यावर असे. आजीची, शेजारणीची, सुइणीची नावं त्यामुळे आज वाचायला मिळतात. पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत ही माणसं सापडायची नाहीत.

सकाळी आम्ही पॉलर्सपुरीला पोचलो. टोस्टरजवळचं, जुन्या रोमन वॉटलिंग रस्त्याच्या बाजूचं हे गाव. १७६१ च्या ऑगस्टमध्ये केरी इथल्या प्युरी एंड या वस्तीत जन्मला. ते घर आता नाही, तिथे एक स्मारकशिला आहे. दादा तिच्यासमोर चप्पल काढून उभा राहिला. चर्च सेंट जेम्सचं. केरीचे वडील एडमंड विणकर होते. पुढे त्यांना गावात शाळामास्तर आणि पॅरिश क्लार्क अशी दोन कामं मिळाली. पॅरिश क्लार्क म्हणजे उपासनेत पाळकामागोमाग 'आमेन' म्हणणारा, चर्चचं बारीकसारीक काम सांभाळणारा माणूस. बाप अशा जागी बसलेला आणि मुलगा त्याच चर्चमधून उठून गेला. घरात त्यावरून काय बोलणं झालं असेल, याचा मी त्या बाकांवर बसून बराच वेळ विचार केला.

मुलगा उठून गेला तो जोडे शिवता शिवता. पिडिंग्टनला मोच्याकडे उमेदवारी करताना जॉन वॉर नावाचा सोबती भेटला, तो डिसेंटर. दोघांचे वाद व्हायचे आणि हळूहळू केरी शेजारच्या हॅकल्टनच्या सभेला जायला लागला.

दुपारी नॉर्दम्प्टनला वूटन हॉल पार्कमधल्या जिल्हा अभिलेखागारात गेलो. पिशव्या कपाटात, पेन बंद, फक्त पेन्सिल. पिडिंग्टनच्या लग्नांची वही मला पडद्यावर पाहायची होती. १० जून १७८१, विल्यम केरी आणि डोरोथी प्लॅकेट. तो एकोणीस वर्षांचा, ती त्याच्याहून मोठी, पंचविशीतली. डोरोथीचं माहेर हॅकल्टनच्या डिसेंटर मंडळींतलं. मग लग्न राजमान्य चर्चमध्ये का? कारण १७५४ पासून लागू झालेल्या हार्डविकच्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिशच्याच चर्चमध्ये लग्न लावणं भाग पाडलं होतं. चॅपेलात, म्हणजे डिसेंटरांच्या सभागृहात, लागलेलं लग्न लग्नच नव्हे, आणि मुलं अनौरस. हा कायदा १८३७ पर्यंत टिकला. त्यामुळे त्या काळातला कितीही कट्टर बॅप्टिस्ट असो, त्याचं लग्न पॅरिशच्या वहीत मिळतंच.

त्याच कायद्याने नोंदीखाली वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या आल्या. विल्यमने सही केलीय. डोरोथीच्या नावापाशी एक फुली आहे. दोन रेघा, एकमेकींवरून गेलेल्या. नाव दुसऱ्या कुणाच्या हातचं. मी पडद्यावरची नोंद मोठी केली. दादाने चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाला, "निशाणी डावे हाताचा अंगठा." आमच्या आजीच्या खरेदीखतावर हेच शब्द आहेत, ते त्याला आठवले असणार.

या फुलीपाशी मी खूप वेळ थांबले. ज्या माणसाने पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवलं, त्याच्या बायकोला त्या दिवशी स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. १७९३ मध्ये तिला भारतात यायचं नव्हतं. बहीण किटी सोबत येणार असं ठरल्यावरच ती निघाली. इकडे आल्यावर मूल गेलं, मन बिघडलं आणि १८०७ मध्ये श्रीरामपूरला तिने डोळे मिटले. आपल्याकडे केरीवर लिहिताना तिच्यासाठी एक वाक्यही खर्च होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लग्नानंतर मात्र पॅरिशच्या वहीत शोधायची रीतच बदलते. ५ ऑक्टोबर १७८३ ला जॉन रायलंड या बॅप्टिस्ट पाळकाने केरीला नेन नदीत बाप्तिस्मा दिला. हा प्रौढपणीचा, स्वतःच्या कबुलीने घेतलेला, पाण्यात पूर्ण बुडून. बॅप्टिस्टांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा नाही, म्हणजे त्यांची मुलं पॅरिशच्या बाप्तिस्म्याच्या यादीत शोधून उपयोग नाही. त्यांच्या चॅपेलच्या वहीत जन्मतारखा मिळतात. कुटुंबाची लग्नं आणि दफनं पॅरिशच्या वहीत आहेत पण बाप्तिस्मे नाहीत, असं दिसलं की समजावं, घर डिसेंटर असू शकतं. वंशावळ शोधणारे पुष्कळदा 'नोंद हरवली' म्हणून इथेच हात टेकतात. माझ्या मते खरं संशोधन इथून सुरू होतं. चॅपेलांच्या बऱ्याच जुन्या वह्या १८३७ नंतर सरकारने मागवून घेतल्या, १८४० च्या कायद्याने त्यांना कोर्टात मान मिळाला, आणि आज त्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. क्वेकरांच्या वह्या वाचताना एक लक्षात ठेवायचं: ते महिन्यांची नावं लिहीत नसत, आकडे लिहीत, आणि १७५२ च्या आधी त्यांचा पहिला महिना मार्च.

नदीकाठी आम्ही उभे राहिलो. रायलंडने पुढे लिहून ठेवलं की डॉडरिज या डिसेंटर पाळकाच्या सभागृहाच्या थोडं पलीकडे एका गरीब मोच्याला मी बाप्तिस्मा दिला. ते सभागृह १६९५ सालचं, अजून उभं आहे. नदीवर आता रहदारीचा आवाज फार.

शेवटचा मुक्काम मोल्टन. १७८५ पासून केरी इथे पाळक होता. पगार पुरत नसे म्हणून शाळा चालवायचा, जोडेही शिवायचा. चॅपेलला लागून त्याचं बुटकं घर आहे आणि कातडं भिजवायची कुंडी अजून राखलीय. दादाने तिच्या काठावर हात ठेवला. त्याच्या बोटांची टोकं शिशाचे खिळे उचलून उचलून कडक झालेली आहेत, केरीचे हात आरी-दाभणाने तसेच झाले असतील. बराच वेळ तो बोलला नाही, मग म्हणाला, "कामाची माणसं होती ही."

बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचं दप्तर ऑक्सफर्डला रीजंट्स पार्क कॉलेजच्या अँगस ग्रंथालयात आहे. तिथे वेळ मागणारं पत्र मी पाठवलंय. दादाला श्रीरामपूरच्या छापखान्याचे कागद पाहायचे आहेत, मला डोरोथीचा उल्लेख जिथे जिथे येतो ती पत्रं. दादाचं परतीचं तिकीट आम्ही पुढे ढकललंय.