पाय सुजले म्हणून बीपीची गोळी सोडली तेव्हा

मागच्या मे महिन्यात चोपड्याला डॉक्टरांकडे गेलो होतो खोकल्यासाठी. त्यांनी सहज दंडाला पट्टा गुंडाळला, तर १६८/१०२. आठवडाभरात दोनदा पुन्हा मोजलं, जवळपास तेवढंच. मग अमलोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक.

मुलीनं मोबाईलवर वाचलं, 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर'. माझ्या पोटात गोळा आला. पन्नाशीत कॅल्शियम अडवायचं म्हणजे हाडांचं काय? डॉक्टर हसले. म्हणाले, हाडांशी याचा संबंध नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो, त्याच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की तो आवळतो. गोळी ते शिरणं कमी करते, स्नायू सैलावतो, वाट रुंद होते. मला लगेच केळीच्या मळ्यातलं ठिबक आठवलं. एकच वॉल्व्ह चालू असला की फिल्टरजवळच्या गेजचा काटा चढतो. दुसरा उघडला की उतरतो. मोटर तीच.

दीड महिना बरा गेला. मग संध्याकाळी घोटे फुगायला लागले, बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. आई म्हणे, "पाय सुजी ग्यात ना तुना!" मी कोणाला न विचारता गोळी बंद केली. दोन दिवसांनी मेडिकलवर मोजलं तर १३६/८६. म्हटलं, बघा, गोळीची गरजच नव्हती! गावभर सांगूनही झालं. सातव्या दिवशी १६२/९८.

या गोळीचा अंगातला अंश निम्मा व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, हे तेव्हा कळलं. ते दोन दिवस मी जुन्याच गोळीवर मिरवत होतो. डॉक्टर चांगलेच रागावले, आणि ते बरोबरच होतं.

सुजेसाठी त्यांनी आधी लघवी आणि रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते यावरून कळतं) तपासलं, दोन्ही ठीक. मग सांगितलं की ही गोळी बारीक धमन्या उघडते, पण शिरा तेवढ्या उघडत नाहीत. पाट मोठा केला आणि निचरा होता तेवढाच ठेवला, तर वाफ्यात पाणी तुंबणारच. केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी झिरपतं आणि दिवसभर उभं राहिल्यावर घोट्यात उतरतं. काकांची लघवीची गोळी मी घेणारच होतो. या सुजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही म्हणे. अंगात पाणी जास्त झालेलं नसतंच, ते फक्त नको तिथे साचलेलं असतं.

अमलोडिपिन अर्धी केली, सोबत टेल्मिसार्टन ४० ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. ती शिरांकडची बाजूही सैल करते. तीन आठवड्यांत घोटे दिसायला लागले. गेल्या सोमवारी १३२/८२.

आता भांडण उरलंय ते पापडांचं. पापडखारातही मिठासारखंच बीपी चढवणारं सोडियम असतं, असं आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि उडदाचं पीठ कुटायला घेतलं.